उठणाऱ्याला उठू द्यावं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात गेल्या पंधरवड्यात दोन पत्रं पाठोपाठ आली. पहिल्या गृहस्थांचं म्हणणं असं की ख्रिस्ती लोकांनी आपला धर्म चर्चच्या चार भिंतींत ठेवावा, बाहेर त्याबद्दल तोंड उघडू नये. त्याला चार दिवसांनी एका ख्रिस्ती तरुणाने उत्तर दिलं, घटनेचं कलम 25 पुढे केलं आणि ‘सांगणं हा आमचा हक्क आहे, ऐकवणारच’ असं ठणकावून लिहिलं. दोन्ही पत्रं मी दोनदा वाचली. दुसऱ्यांदा चष्मा पुसून. मला दोघांचंही पटलं नाही, आणि दोघांच्या रागातलं थोडंथोडं पटलं. म्हणून लिहायला बसले. लांबलं तर कात्री आपल्या हातात आहेच.

मी निवृत्त परिचारिका, वय 71, श्रीरामपूर तालुक्यात राहते. आमचं घर चौथ्या पिढीचं ख्रिस्ती. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि कीर्तनकार होते. आता ‘ख्रिस्ती कीर्तन’ म्हटलं की माझ्या शेजारणीसुद्धा भुवया उंचावतात, म्हणून थोडं सांगते. नगरला (आता अहिल्यानगर; माझ्या तोंडात अजून नगरच बसलंय) अमेरिकन मराठी मिशनचं काम 1831 पासूनचं. तिथे आलेल्या साहेबांची प्रवचनं लोक ऐकत, माना डोलवत आणि घरी जात. काही रुतत नसे. रुतू लागलं ते इथल्याच माणसांनी चिपळ्या हातात घेतल्यावर. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांचं नाव आजोबा कानाच्या पाळीला हात लावूनच घेत. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक आले. आजोबांनी लहानपणी त्यांचं कीर्तन नगरात ऐकलं होतं. काय ऐकलं ते विचारलं की म्हणत, ‘शब्द आठवत नाहीत गं, पण घरी जाताना वाटेत कुणी बोललं नाही, तेवढं आठवतं.’

आजोबांच्या कीर्तनाचा थाट साधा. पांढरी टोपी, खांद्यावर उपरणं, हातात चिपळ्या. बुक्का नाही. पेटीवर दुसरे एक मास्तर आणि ढोलकीवर गावातलाच एक जण, जो एके काळी तमाशाच्या फडात वाजवायचा. तो ख्रिस्ती नव्हता. मंडळीतल्या (म्हणजे आमच्या चर्चच्या) वडीलधाऱ्यांना ते खटकायचं. एकाने बोलून दाखवलं तेव्हा आजोबा म्हणाले, ‘मग ढोलकीचाही बाप्तिस्मा करायचा का?’ विषय तिथेच मिटला.

मी नऊ वर्षांची असेन. सुगी झालेली. गावातल्या पाराजवळ गॅसबत्ती टांगली होती. आख्यान उधळ्या पुत्राचं. बायबलमधली ही गोष्ट बहुतेकांना ऐकून ठाऊक असते, पण आजोबा ती नेवाशाकडच्या बोलीत सांगत:

‘धाकटं पोरगं बापाला म्हनलं, दादा, माझा वाटा द्या. आता बाप जित्ता असताना वाटा मागायचा म्हंजी काय? म्हंजी इचारायचं, दादा, तुम्ही मरताय कधी?’

बाया हसल्या. पुरुष हसले नाहीत, कारण गावात त्या वर्षी दोन सख्ख्या भावांचा विहिरीच्या पाण्याच्या पाळ्यांवरून दावा चालू होता आणि दोघंही पाराखाली बसलेले होते, एक या टोकाला, एक त्या टोकाला. धाकटा उठला. धोतर झटकलं आणि अंधारात निघून गेला. शे-दीडशे माना एकदम वळल्या. आजोबांची वळली नाही. त्यांनी ढोलकीवाल्याकडे पाहून बोट उचललं, एक ठेका वाजला आणि पोरगं दूर देशाला निघालंसुद्धा. पैसे संपले, दुष्काळ पडला, डुकरं राखायची वेळ आली, डुकरांपुढच्या शेंगा खाव्याशा वाटू लागल्या. मग पोरगं घराकडे वळतं आणि म्हातारा त्याला लांबून पाहतो.

‘लांबून दिसलं म्हंजी काय? म्हंजी म्हातारा रोज बघत हुता! आन् पळत सुटला. पाटीलकीचा मानूस कदी पळतो व्हय? ह्यो पळाला.’ एवढं म्हणून पन्नाशी उलटलेले आजोबा उपरणं सावरत खरोखर पाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळाले. चिपळ्या वाजत होत्या. मी आईच्या मांडीवरून उठून उभी राहिले होते.

मग थोरला भाऊ शेतातून येतो, घरात वाजंत्री वाजताना ऐकतो आणि रुसून दारातच उभा राहतो. बाप बाहेर येऊन त्याची विनवणी करतो. इथे आजोबांनी चिपळ्या खाली ठेवल्या, डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली. संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दोघांतला थोरला आमच्या दारात. जोडे बाहेर काढून उभा. म्हणाला, ‘मास्तर, त्यो थोरला आत गेला का न्हाई?’

आजोबा म्हणाले, ‘पुस्तकात लिव्हलेलं नाही.’

‘मग तुम्ही सांगा की.’

‘मला तरी कुठं ठावं?’

तो चहा पिऊन गेला. दावा मिटला का, असं तुम्ही विचाराल. नाही मिटला. आणखी कितीतरी वर्षं तालुक्याच्या कोर्टात चालला. तो माणूस ख्रिस्तीही झाला नाही, त्याची मुलंही नाहीत. पण आजोबांचं कीर्तन लागलं की यायचा आणि अगदी मागे, वाट मोकळी असेल अशा जागी बसायचा. आजोबा त्याला ‘पुढं या’ कधी म्हणाले नाहीत.

आजोबांची कीर्तनाची वही माझ्याकडे आली तेव्हा निम्मी वाळवीने खाल्ली होती. जी पानं उरली त्यांच्या समासात पेन्सिलीने खुणा आहेत: ‘येथे पाणी’, ‘पेटी हळू’, ‘बायकांकडे पाहून’. आणि उधळ्या पुत्राच्या पानावर: ‘कोणी उठल्यास तिकडे पाहू नये.’ ही खूण त्या रात्रीच्या आधीची की नंतरची, ते कळायला मार्ग नाही.

आता माझ्या स्वतःच्या नोकरीकडे येते, कारण हे पत्र खरं तर त्यासाठी आहे.

ज्या दवाखान्यात माझ्या उमेदीची वर्षं गेली त्याचं नाव लिहीत नाही. चांगला दवाखाना होता. तिथे पैशांसाठी कुणाला परत पाठवलेलं मी पाहिलं नाही. सकाळी वॉर्डात एक गाणं आणि छोटी प्रार्थना होई. ‘उपासना संगीत’ या आमच्या गीतांच्या पुस्तकातली टिळकांची गाणी पेशंटसुद्धा आमच्याबरोबर गुणगुणत, चाल ओळखीची, शब्द ओळखीचे. त्याला कुणाची हरकत कधी ऐकली नाही. पण अधूनमधून रविवारी दुपारी बाहेरचे वक्ते येत. असेच एक साहेब आले. मी तेव्हा पुरुषांच्या हाडांच्या वॉर्डात होते. अकरा नंबरच्या खाटेवर बीडकडचा एक ऊसतोड कामगार, उसाच्या गाडीवरून पडून मांडीचं हाड मोडलेला. पायाला वजनं लावून तो टांगलेला. अशी माणसं तेव्हा सहा-सहा आठवडे उताणी पडून असत. कुशीवर वळायचीसुद्धा सोय नाही. साहेब त्याच्या उशाशी उभे राहिले आणि पंचवीस मिनिटं बोलले. काय बोलले त्यात वावगं काही नव्हतं. पाप, क्षमा, तारण. तो हात जोडून ऐकत होता. प्रत्येक वाक्याला ‘व्हय साहेब’ म्हणत होता. जाताना साहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘सिस्टर, किती तहानलेला आत्मा आहे!’

ते दाराबाहेर पडले तसा तो मला म्हणाला, ‘बाई, जरा पॉट देता का? मघापासून लागलीय.’

मी म्हटलं, ‘अहो, मग सांगायचं नाही का!’

‘कसं सांगू? तुमच्या साहेबांचं चाललं हुतं. औषध तुमचंच खातोय.’

पॉट देऊन मी स्टोअरमध्ये जाऊन उभी राहिले. ‘औषध तुमचंच खातोय.’ आमच्याकडे औषधाच्या बदल्यात काही मागत नाहीत, हे मला ठाऊक होतं, साहेबांना ठाऊक होतं. त्याला कुठे ठाऊक होतं? त्याच्या बाजूने पाहिलं तर टांगलेला पाय, उशाशी उभा असलेला शहाणा माणूस आणि दवाखान्याचा कागद. त्याने मान डोलवली नसती तर काय केलं असतं?

बरं, दुसऱ्याकडे बोट दाखवते आहे, माझंही सांगते. नवी नवी नर्स होते तेव्हा प्रसूतीच्या वॉर्डात माझी ड्यूटी. एक बाई कळांनी हैराण, खाटेची दांडी धरून खंडोबाला हाक मारत होती. मी तिच्या कपाळावरचा घाम पुसत म्हटलं, ‘येशूचं नाव घे, सोपं होईल.’ तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. ज्या मुलीच्या हातात आपण या घटकेला आहोत ती आपल्याकडून आणखी काय मागते आहे, अशा काहीशा नजरेने. आणि तिने घेतलं नाव, मी सांगितलं म्हणून. बाळ बाळंतीण सुखरूप. पण त्या नावासाठी मला शाबासकी कोण देणार? आजही ती नजर मी विसरलेले नाही.

पुढे मी वॉर्डाची सिस्टर झाले तेव्हा एक शिस्त लावली. बाहेरचे वक्ते व्हरांड्यात बसतील. ज्याला यायचं त्याने यावं, खाटेशी कुणी जायचं नाही. त्यावरून मला बरंच ऐकून घ्यावं लागलं. देवाच्या कामात आडवी येते, असंही म्हटलं गेलं. चाळीस खाटांतून व्हरांड्यात सहा-सात जण येत. पण ते आपल्या पायांनी आलेले असत. एक तर कुबड्यांवर आला आणि अर्ध्यातून ‘बसवत नाही’ म्हणून परत गेला. जाताना वक्त्यांना ‘येतो साहेब’ म्हणून गेला.

हे मी माझ्या डोक्यातून काढलेलं खूळ नाही. शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधलं येशूचं चरित्र, उघडून पाहावं. श्रीमंत तरुण येशूकडे येतो, उत्तर ऐकतो आणि खिन्न होऊन निघून जातो. येशूला त्याच्याबद्दल प्रीती वाटली असं मार्क लिहितो, पण त्याच्यामागे धावत जाऊन अटी सैल केल्या असं लिहीत नाही. योहानाच्या सहाव्या अध्यायात तर ऐकणारे घोळक्याने उठून जातात आणि येशू उरलेल्या बाराजणांना विचारतो, तुम्हालाही जायचंय का? इतकी वर्षं प्रवचनं ऐकते आहे, श्रोत्यांना हा प्रश्न विचारणारा वक्ता व्यासपीठावर अजून पाहिलेला नाही. आणि आपल्या आशेबद्दल कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यपणे द्या, हे येशूचा शिष्य पेत्र याने लिहून ठेवलंय. ‘कुणी विचारलं तर’ हे तीन शब्द आमच्याकडे भराभर वाचले जातात.

आता त्या तरुणाला. बाळा, कलम 25 मीही वाचलंय. धर्म मानणं, आचरणं आणि त्याचा प्रसार करणं, तिन्ही त्यात आहेत आणि ते फक्त आपल्यासाठी नाहीत, सगळ्यांसाठी आहेत. 1977 साली रेव्हरंड स्टेनिस्लॉस यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थही लावला: आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगण्याचा हक्क आहे, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नाही. निकाल तुला आवडो न आवडो, ‘ऐकवणारच’ हा शब्द तू ज्या जोरात लिहिलास तो काही घटनेतून आलेला नाही. समोरच्याला ऐकून घेणं भाग आहे, असं कुठलं कलम सांगतं?

आणि ज्या काळात ऐकणं भाग होतं तो काळही आपल्याच इतिहासात आहे. फादर थॉमस स्टीफन्स 1579 ला गोव्यात उतरले, इथली भाषा शिकले आणि 1616 मध्ये साष्टीतल्या रायतूरला त्यांचं ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या. हे पुराण लोकांना वाचून दाखवण्यासाठी, कानांनी ऐकण्यासाठी लिहिलेलं होतं. मराठीचं इतकं गोड कौतुक दुसऱ्या परदेशी माणसाने केलेलं मला माहीत नाही. पण त्याच पुराणात एक ब्राह्मण पाद्रीला म्हणतो की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरं काही द्या. ते वाचताना मी दरवेळी थांबते. 1560 पासून तिथे पोर्तुगीजांचं इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागणाऱ्यांना शिक्षा करणारं न्यायालय, होतं. हिंदूंना आळीपाळीने प्रवचनाला बसवण्याचे हुकूम त्या राज्यात निघाले होते. ओवी कितीही रसाळ असो, दारावर शिपाई उभा असेल तर ती ऐकणाऱ्याला रसाळ कशी लागावी? स्टीफन्ससाहेबांना मी दोष देत नाही. त्यांच्या जागी असते तर मी काय केलं असतं, देव जाणे. कळा देणाऱ्या बाईपुढे मी काय केलं ते वर लिहिलंच आहे.

पहिल्या पत्रलेखकांनाही दोन शब्द. आपण म्हणता तोंड उघडू नका. आपण शाळेत ‘केवढे हे क्रौर्य’ पाठ केली असेल. ती जखमी पक्षीण क्षणोक्षणी पडते, उठते, ती लिहिणारे टिळक हे ख्रिस्ती कीर्तन करणारे हेच टिळक. त्यांना ख्रिस्त कसा भेटला? 1893 च्या सुमाराला आगगाडीत एका अनोळखी युरोपियन गृहस्थाशी गप्पा झाल्या आणि उतरताना त्याने नवा करार हातात ठेवला. आगगाडीच्या डब्यातलं बोलणं. पटलं नसतं तर टिळक पुढच्या स्टेशनला डबा बदलू शकत होते. 10 फेब्रुवारी 1895 ला त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा कधी? 1900 साली. मधली पाच वर्षं टिळकांसारखा शब्दप्रभू आणि घरातली एक बाई बधत नाही! ‘स्मृतिचित्रे’ वाचली असेल तर आपल्याला माहीतच आहे की त्या बाईला कुणी काही पटवून दिलं म्हणून पटणारी ती नव्हती. सोवळं, पाणी, जात या एकेका गोष्टीची गाठ तिने स्वतः सोडवली, आणि मग गेली. टिळकांच्या सगळ्या कीर्तनांपेक्षा मला ही पाच वर्षं मोठी वाटतात. साहेब, ती आगगाडी आणि ती पाच वर्षं दोन्ही आपल्या ‘चार भिंतींच्या’ बाहेरची.

तरीही आपल्या रागाचं एक कारण मला ओळखता येतं. आपल्याच तालुक्यात मैदानावर मांडव पडतो, दोन्ही बाजूंना माणसाएवढे स्पीकर, आणि रात्री अकरापर्यंत एक जण इंग्रजीतून ओरडतो, दुसरा तेच मराठीतून ओरडतो. ‘देव आज रात्री तुम्हाला एका नव्या स्तरावर घेऊन जात आहे!’ स्तर? मी ऑपरेशन थिएटरमध्येही काम केलंय. तिथे स्तर म्हणजे कातडीचे आणि स्नायूंचे, ते एकेक करून कापायचे नि शिवायचे असतात. ज्या भाषेत बाप पाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळाला, त्याच भाषेचं हे असं काय झालं? पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून बायबलचं भाषांतर केलं ते साध्या बायाबापड्यांना समजावं म्हणून. आयुष्याची शेवटची वर्षं त्यात घातली. 1922 ला त्या गेल्या आणि पुस्तक त्यांच्यामागून बाहेर आलं. आमच्या नव्या वक्त्यांनी त्यातली दोन पानं रोज मोठ्याने वाचली तरी पुष्कळ होईल.

भाषेपेक्षा वाईट म्हणजे चंगाईची, प्रार्थनेने आजार बरे होतात याची, जाहिरात. प्रार्थनेवर माझा विश्वास आहे. नसता तर रात्रपाळ्या निभल्या नसत्या. पण साखरेचा एक पेशंट अशा सभेत ‘बरा झालो’ म्हणून उभा राहिला, टाळ्या वाजल्या आणि त्याने इन्सुलिन सोडलं. तो पुन्हा आमच्याकडे आला तेव्हा पायाचा अंगठा काळा पडला होता. मागच्या दाराने आणला त्याला, लाजेने. अंगठा काढावा लागला. त्याची ड्रेसिंग मी केली. ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांच्यापैकी कुणी त्या ड्रेसिंगला आलं नाही. हे आमच्या लोकांनी आपापसांत मोठ्याने बोललं पाहिजे, दुसऱ्यांनी बोलायच्या आधी.

मग बोलावं तरी कसं, असं तो तरुण विचारेल. मला व्याख्या येत नाही, एक रात्र सांगते. नोकरीची शेवटची दोन-तीन वर्षं. दम्याचा एक म्हातारा पेशंट, माळकरी, आषाढीला दरवर्षी पायी जाणारा. दम्याच्या माणसाला रात्री आडवं होता येत नाही, उशा टेकून बसून राहायचं. बाकी वॉर्ड झोपलेला. त्याने मला खुणेने बोलावलं.

‘बाई, तुम्ही रोज राती त्या खिडकीपाशी कुनाशी बोलता?’

मी म्हटलं, ‘ज्या पेशंटचं दिवसभरात माझ्याच्यानं काही झालं नाही, त्यांची नावं घेते.’

‘कुनापाशी?’

‘येशूपाशी.’

‘आन् मग?’

‘मग घरी गेल्यावर झोप लागते.’

तो हसला, त्यात खोकला आला, मी पाठीवरून हात फिरवला. श्वास जागेवर आल्यावर म्हणाला, ‘आमी पांडुरंगापाशी तेच करतो. पर झोप न्हाई लागत. दमा हाय ना.’ मग त्याने येशूबद्दल आणखी विचारलं, मी सांगितलं. माझ्या आजोबांचं सांगितलं, तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं टिळक म्हणत ते सांगितलं. त्यावर तो म्हणाला, ‘पूल हाय तर दोनी अंगानं चालता येतं की.’ याला उत्तर मला सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही. ऑक्सिजनची बाटली बदलायची वेळ झाली म्हणून मी उठले तर तो म्हणाला, ‘माजं बी नाव घेता का?’

‘घेते की.’

‘घ्या. पर हाय तेच घ्या.’

चार दिवसांनी तो घरी गेला. नाव अजून घेते. आहे तेच.

शेवटी एक निमंत्रण, छापलंत तर उपकार होतील. नाताळाआधीच्या शनिवारी संध्याकाळी आमच्या मंडळीच्या अंगणात आजोबांच्या वहीतलं उधळ्या पुत्राचं आख्यान मी स्वतः उभं करणार आहे. स्पीकर नाही, माझा आवाज जिथवर जाईल तिथवर. गुडघे दुखतात, त्यामुळे बापाचं पळणं नातू करेल. पेटीला माणूस आहे, ढोलकीलाही मिळाला. पुन्हा आमच्या मंडळीबाहेरचाच. वाळवीने खाल्लेल्या जागी मी माझ्या पदरचं घातलंय, ते कोणतं हे ओळखणाऱ्याला बक्षीस नाही. कुणाच्या घरी जुन्या ख्रिस्ती कीर्तनांच्या हस्तलिखित वह्या असतील तर रद्दीत घालण्याआधी मला पाहायला द्याव्यात, आपल्या कार्यालयामार्फत कळवलं तरी चालेल.

दोन्ही पत्रलेखकांनी जरूर यावं. तरुणाने पुढे बसावं, त्याचा मला टाळाला उपयोग होईल. पहिल्या गृहस्थांसाठी फाटकाजवळची खुर्ची राखून ठेवते. चहा कीर्तनानंतर आहे, पण ज्यांना मध्येच उठायचं असेल त्यांना आधी मिळेल.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, श्रीरामपूर तालुका
(गाव लहान आहे, नाव छापू नये ही विनंती.)